पोच न दिलेला इशारा

आधीच सांगते, हसायचं असेल तर खुशाल हसा. आमचं घर बौद्ध, मूळ रत्नागिरीकडचं. भूत, उतारा, अंगात येणं... यातलं काहीच आमच्या दारातून आत आलं नाही. ऑफिसात कोणी असले किस्से सुरू केले की मीच म्हणायचे, "बस कर गं, डबा खा." त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

बाबा पावणे गावातल्या एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्रा दाबायची अवाढव्य मशिनं. त्या धडधडीत त्यांचे कान गेले. तिथे तोंडाने बोलून उपयोगच नव्हता, सगळं हाताच्या इशाऱ्यांवर चालायचं. प्रत्येक माणसाचीही खूण ठरलेली. बाबांची खूण म्हणजे डावा कान ओढायचा. आई आजही 'तुझे बाबा' न म्हणता कानच ओढते.

कारखाना बंद पडून जमाना झाला. मागच्या हिवाळ्यात त्याच शेडमध्ये आर्ट फेस्टिव्हल भरला. माझी मुलगी प्रज्ञा आर्किटेक्चरला आहे. सुट्टी मिळाली की मला फोर्टमधल्या इमारती दाखवत उन्हातान्हात फिरवते. "मम्मी, आजोबांची शेड! चल ना." बाबांना विचारलं तर ते भिंतीकडे तोंड करून बसले. नोकरी सुटल्यापासून ते त्या रस्त्यालासुद्धा गेले नव्हते.

रविवार, दुपारचे चार. बाबा ज्या शेडला शिव्या घालत घरी यायचे, तिच्या छताचे लोक फोटो काढत होते! स्टेजवर ड्रमवाले असे पेटलेले की छातीत हादरे बसत होते. मधोमध जुन्या क्रेनच्या हुकाला पत्र्यांचं एक भलंमोठं शिल्प टांगलेलं. आणि आमची प्रज्ञाबाई बरोबर त्याच्याखाली, वहीत मान घालून छत काढत बसलेली.

मी भिंतीला टेकून उभी होते. सहज वर बघितलं. क्रेनच्या रुळाला लागून अरुंद फळी होती, तिच्यावर खाकी शर्टातला एक माणूस. मला वाटलं, असेल यांच्याच नाटकातला. तेवढ्यात त्याने माझ्याकडे बघून डावा कान ओढला.

बाबांची खूण याला कशी माहीत?

मग डावी मूठ डोक्यावर, आणि तोच पंजा उघडून फाडकन बाजूला. पुन्हा मूठ, पुन्हा पंजा. पंजाला दोन बोटं कमी. पंजा म्हणजे 'बाजूला हो', ते घरात ऐकून... म्हणजे बघून माहीत होतं. मूठ कळली नाही. पण आता तो माझ्याकडे बघत नव्हता — प्रज्ञाकडे बघत होता.

मी ओरडले. त्या आवाजात कोण ऐकतंय! धावले, तिचा दंड धरला आणि ओढली. "मम्मी, काय कर—" एवढंच ती बोलली. मागे सगळे पत्रे खाली आले. तिची वही त्यांच्याखाली राहिली.

मी वर पाहिलं. तो अजून तेच करत होता. मूठ, पंजा. मूठ, पंजा. गर्दीचा लोंढा मध्ये आला, आणि नंतर फळी रिकामी.

"मॅडम, वर कोण जाणार?" आयोजकांमधला एकजण म्हणाला. "शिडी कधीच कापलीय." खरंच कापलेली होती. मी स्वतः पाहिली.

घरी येऊन बाबांना हातानेच सगळं करून दाखवलं. मी मूठ केली आणि ते उठून उभेच राहिले.

"ही कुठं शिकलीस? ही मी घरात कधीच आणली नाही."

मूठ म्हणजे वर माल लटकलाय, त्यांनी सांगितलं.

"बोटं किती होती?"

मी तीन दाखवली. बाबांनी माझा हात खाली केला. म्हणाले, बोनकोडे गावचा म्हात्रे. त्यांचा जोडीदार, त्याच शेडमध्ये मालाखाली गेलेला. मी तेव्हा पाळण्यात होते.

"'तू वर बघ, मी हाय खाली,' खुणेनं म्हणाला आणि वाकला. मी इशारा दिला. पोच यायला पाहिजे, हात वर करून. पोच येईपर्यंत इशारा थांबवायचा नाही, हाच नियम. मी एकदाच दिला गं. त्याने बघितलंच नाही. आणि मी क्रेनवाल्याला चल म्हटलं..."

बाबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं आईलाही सांगितलं नव्हतं त्यांनी. जरा वेळाने त्यांनी एकदम माझं मनगट धरलं.

"तू पोच दिलीस?"

मी मान हलवली. नाही.

"अगं, मग तो अजून तसाच उभा असेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून गेलो. शेडला शटर. गेटबाहेर उभं राहून बाबांनी हात वर केला. पोच दिली. मला वाटलं, झालं. पण मग त्यांनी डोक्यावर मूठ धरली, पंजा बाजूला नेला. पुन्हा. पुन्हा. येणारे-जाणारे बघायला लागले. मी खांद्याला हात लावून खुणेने म्हटलं, चला.

"थांब. आज पोच घेऊनच निघणार."

हे सगळं काय होतं, मला अजून सांगता येत नाही. किती वेळ गेला तेही नाही. मग बाबांनी हात खाली घेतला, डोळे पुसले आणि म्हणाले, "दिली त्याने."

मी शेडकडेच बघत होते. शटर बंदच होतं.