होडीचा उरलेला रंग

विजयदुर्गच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझ्या हातात स्टूल दिलं, तेव्हा त्याचा रंग नीट वाळलासुद्धा नव्हता. "खोलयेत बसाक कायतरी व्हया," एवढंच म्हणाले. मी नोकरीसाठी पुण्याला निघाले ती पांढऱ्या ओढणीवर निळा डाग घेऊनच. अशी चिडले होते! नंतर ओढणी गेली, डागाची आठवण मात्र राहिली.

तो निळा आमच्या होडीचा. नारळी पुनवेच्या आधी होडी रंगवायची आणि उरलेला रंग घराला लावायचा, हा बाबांचा नेम. दार, खिडक्यांचे गज, तुळशीवृंदावन, न्हाणीघराची कडी. डब्याचा तळ दिसेपर्यंत त्यांचा ब्रश थांबायचा नाही. होडी पिवळी तर घर पिवळं, होडी लाल तर घर लाल. "ह्या घर आसा की होडी?" आई दरवर्षी कुरकुरायची आणि दरवर्षी स्वतःच पाट रंगवायला पुढे करायची.

पुण्यात घरमालकाची पहिली अट, भिंतीला खिळा मारायचा नाही. मारला नाही. चिकटवायचे हुक लावले, आईच्या साड्यांचे पडदे शिवले, विटांवर फळ्या टाकून पुस्तकांचं शेल्फ केलं, रिकाम्या बाटल्यांचे दिवे केले. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, "कुठला कोर्स केलास गं?" कसला कोर्स अन् काय! पडलेली वस्तू टाकायची नाही, हे बघतच वाढले. या सगळ्या सजावटीत ते स्टूल तेवढं कशाशीच जुळत नाही. गाव सोडून आलेल्या तुमच्याही घरात असं एखादं ध्यान असेलच.

मग बाबांचे गुडघे गेले आणि त्यांनी होडी देवगडकडच्या एकाला विकली. मी एकुलती एक. गावात राहिले असते तरी जाळं काही ओढलं नसतं, हे मला कळतं. तरी वाईट वाटायचं ते वाटतंच.

त्या श्रावणात मी रजा काढून गेले. दाराचे पोपडे निघालेले. सँडपेपर, प्रायमर, रोलर, क्रीम रंगाचा डबा, सगळा जामानिमा नेला होता. व्हिडिओ बघून कागदी पट्ट्या कशा लावायच्या तेही शिकले होते. बाबा उंबऱ्यात बसले ते उठेचनात. "होडीच नाय, मगे रंग खंयचो?" मी शेड दाखवली, समजावलं, शेवटी भांडले. "तो दुकानाचो रंग," म्हणाले. डबा खाटेखाली ढकलून मी पुण्याला परतले. वर्षभर दार तसंच, विटकं.

यंदा श्रावणात आईने व्हिडिओ कॉल लावला. मागे दार. हिरवंगार!

"तुझे बाबा होडी बघूक गेले होते," आई हळूच म्हणाली. "नव्या मालकान हिरवी रंगयल्यान. उरलेलो रंग बाटलेत भरून आणल्यानी."

विकलेल्या होडीच्या मागे आमचं दार गेलं होतं. जो रंग बाबांनी निवडलाही नव्हता, तो दुसऱ्याकडून मागून आणताना त्यांना काय वाटलं असेल? मी म्हटलं, "बाबा, थोडो माकाय ठेवा. स्टुलाक लायतंय. घराशी जुळात."

"नको गो," बाबा म्हणाले. "ती होडी आता लोकांची. तुझ्याकडे आपली आसा, ती तशीच रवांदे."

स्टुलाच्या पायाचा रंग निघालाय. त्यासाठी आणलेला सँडपेपर मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. घर कुठलं विचारलं की मी अजूनही विजयदुर्गच सांगते. पण आमच्या होडीचा निळा आता तिथे कुठेच नाही. तो इथे, या भाड्याच्या स्वयंपाकघरात आहे, आणि माळ्यावरचा डबा काढायला मी कुणाला त्या स्टुलावर पाय ठेवू देत नाही.