सातच्या आत

क्रिस्तियाना गावातल्या शाळेच्या फाटकापाशी मिस इसिल्डा खोबऱ्याचे ड्रॉप विकत बसते. इथे वयाने मोठ्या बाईला, लग्न झालेलं असो वा नसो, मानाने मिस म्हणतात. खोबऱ्याचे बारीक तुकडे, आलं आणि काळी साखर एकत्र शिजवायची आणि केळीच्या पानावर चमच्याने एकेक गोळा टाकायचा. गार झाला की दगड. आसपासच्या टेकड्यांवरच्या पोरांचे निम्मे दुधाचे दात इसिल्डानेच पाडले, असं तिची मैत्रीण युलाली सांगत असते.

इसिल्डाला स्वतःला साखरेचा आजार आहे. ती ड्रॉप खात नाही, फक्त चाखते. पाक झाला की नाही हे चाखल्याशिवाय कसं कळणार? आणि पानाला चिकटून तुटलेला ड्रॉप गिऱ्हाइकाला द्यायचा कसा? तो टाकायचा कुठे, तर तोंडात. पाऊस असला की पानं ओली राहतात आणि बरेच ड्रॉप तुटतात. क्रिस्तियानात पाऊस बहुतेक रोजच असतो.

तिची एकुलती एक लेक नोव्हलेट टोरांटोला वृद्धाश्रमात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना भरवायचं, पुसायचं, उचलून बसवायचं, आणि सुट्टी झाली की स्वतःच्या आईला फोनवर झापायचं, असा तिचा क्रम. त्या आठवड्यात तिने शेवटचं सांगून टाकलं.

"मम्मी, शनिवारी चर्चच्या मैदानावर आरोग्य मेळा आहे ना? तिथे जायचं, साखर तपासायची आणि तिथूनच मला व्हिडिओ लावायचा. आकडा तू सांगू नकोस, नर्स सांगेल. सातच्या आत आला तर राहा तिथे, मी परत विषय काढणार नाही. वर गेला तर मी तिकीट काढते. घराला कुलूप लावायचं आणि इकडे यायचं."

"आणि माझं दुकान?"

"टोपलीला दुकान म्हणू नकोस, मम्मी."

इसिल्डा एकदा टोरांटोला जाऊन आली होती. खिडकी उघडता येत नाही, शेजारीण नमस्कार करत नाही आणि रताळं कागदात गुंडाळून मिळतं, हे ती सगळ्यांना सांगायची. खरं कारण मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या घरातली मधली खोली नोव्हलेटची होती. त्या पलंगावरची चादर दर शनिवारी बदलली जायची. मूल परदेशात असलं की त्याला कधी काय होईल सांगता येत नाही. नोकरी जाईल, नवरा फिरेल, नुसताच कंटाळा येईल. अशा वेळी यायला उघडं दार हवं. हे बोलून दाखवलं तर नोव्हलेट हसून म्हणेल, "मी कशाला येतेय आता तिकडे राहायला?" ते वाक्य इसिल्डाला ऐकायचं नव्हतं. म्हणून ती रताळ्यावर बोलायची.

थोडक्यात, सातच्या आत यायलाच हवं होतं; इथल्या यंत्रावरचे सात म्हणजे शेकड्यांच्या मापातले सव्वाशे. मग इसिल्डाने परीक्षेचा अभ्यास करावा तशी तयारी सुरू केली.

तिच्या कुंपणावर सेरासीचा वेल पसरला होता. सेरासी म्हणजे रानकारलं. इथे ताप आला, अंगावर पुरळ उठलं, पोट बिघडलं, शाळा सुरू होणार असली, की त्याचा पाला उकळून पाजतात. रक्त धुऊन निघतं म्हणे. इसिल्डाने नोव्हलेटला लहानपणी नाक दाबून किती पाजला असेल! आता तिने बुधवारपासून मोठं पातेलं चढवलं. सकाळी काळंकुट्ट पाणी, दुपारी काळंकुट्ट पाणी, झोपताना तेच. शिवाय डॉक्टरच्या साखरेच्या गोळ्या होत्याच. त्या तिला एरवी रविवारी चर्चला जाताना आठवायच्या. या आठवड्यात तिने रोजची गोळी घेतलीच, वर राहून गेलेल्यांपैकीही काही भरून काढल्या.

समोरच्या घरातून युलाली हे सगळं बघत होती. युलाली उंच, वाळकी, डोक्यावर केसांचा टोप. तिला कुठलाच आजार नाही, कारण तिने आजवर कधी तपासूनच घेतलेलं नाही.

"परीक्षा तुझी आहे की त्या वेलाची?" तिने कुंपणावरून विचारलं. "पार बोडका केलास."

"तू जळ. मी पास होऊन दाखवते."

"पास होशील. पण नापास झालेल्यासारखं तोंड आत्ताच का झालंय?"

"कडू आहे म्हणून."

शनिवारी दोघी चर्चला घालायच्या टोप्या घालून निघाल्या. टॅक्सीत मागच्या बाकावर पाचजणी कोंबल्या होत्या. युलालीच्या मांडीवर इसिल्डाची पिशवी आली.

"यात काय आहे गं?"

"छत्री."

"तुझ्या छत्रीला आल्याचा वास येतो," युलाली म्हणाली. तेवढ्यात वळण आलं आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

मैदानावर तंबूच तंबू लागले होते. डोळे एकीकडे, पाय दुसरीकडे, रक्तदाब तिसरीकडे. एक जटावाला माणूस समुद्री शेवाळाचं पेय विकत होता. त्या पेयाने पाठदुखीपासून नवऱ्याच्या आळसापर्यंत सगळं बरं होतं, असं त्याच्या फळ्यावर लिहिलं होतं. कर्णे इतक्या जोरात वाजत होते की ज्याला रक्तदाब नव्हता त्यालाही तिथे मिळाला असता.

साखर तपासायला येणाऱ्यांनी उपाशीपोटी यावं, असं सांगितलं होतं. त्यामुळे निम्मं मैदान भुकेलेलं होतं. आणि मग पास्टर प्रार्थनेला उभे राहिले. त्यांनी देवाकडे माणसाचा एकेक अवयव सोपवायला सुरुवात केली. डोकं झालं, डोळे झाले, कान झाले. फुप्फुसांपाशी ते बराच वेळ रमले.

"गुडघे आले," युलाली कुजबुजली.

"म्हणजे संपलं."

"कसलं संपलं? अजून पावलं आहेत. त्यांना दहा बोटं आहेत."

इसिल्डाला हसू आलं, पण हसताना तिला खांबाचा आधार घ्यावा लागला. सकाळी ती सेरासीचा शेवटचा पेला आणि एक गोळी घेऊन निघाली होती.

साखरेच्या रांगेत उभं राहताच मागून हळूच आवाज आला, "मिस इसिल्डा, आहेत का?" इसिल्डाने इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीतून कागदात बांधलेले दोन ड्रॉप सरकवले. मग आणखी एकीने मागितले, मग तिच्या दिराने.

"लाज आहे का तुला?" युलाली म्हणाली. "साखरेच्या रांगेत साखर विकतेस!"

"तपासून झाल्यावर खाणार आहेत ते."

"हो, आणि पुढच्या वर्षी परत रांगेत येणार आहेत. तू मेळाही भरवतेस आणि गिऱ्हाईकही पुरवतेस."

तेवढ्यात स्टेजवर हिरव्या तंग कपड्यांतली एक मुलगी चढली आणि सगळ्यांना जागच्या जागी नाचायला लावू लागली. युलालीने एक हात टोपावर ठेवला आणि दुसरा हवेत फिरवत ती निघालीच. "चल गं! नाचल्यानेही उतरते म्हणे!"

हे ऐकून इसिल्डाही गेली. परीक्षेच्या दारात एखादं पान वाचायला मिळालं तर कोण सोडतं? ती नाचली. कपाळावर घाम आला. तो गार होता, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही. तिचा नंबर पुकारला होता.

टेबलामागे नर्स कॅमरन होती. लहानपणी तीही शाळेच्या फाटकावर ड्रॉप घ्यायला यायची. युलालीने फोन लावून समोर धरला. त्यात टोरांटोची नोव्हलेट दिसू लागली, कामाचा निळा झगा घातलेली, भुवया चढवलेली.

"गुड मॉर्निंग, नर्स. आकडा तुम्ही सांगा. तिला बोलू देऊ नका."

नर्सने बोटाला टोचलं, यंत्राकडे पाहिलं, भुवई उचलली आणि दुसऱ्या बोटाला टोचलं. पुन्हा पाहिलं.

"दोन पूर्णांक आठ."

इसिल्डाने दोन्ही हात वर केले. "ऐकलंस, नोव्हलेट? तू सात म्हणालीस, मी तीनच्या आत आणली! मागचे सगळे बघा, आहे का कुणाची एवढी कमी?"

रांगेतल्या दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. नोव्हलेटने मात्र चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला.

"मिस इसिल्डा," नर्स उठून उभी राहिली, "तुम्हाला घाम का येतोय?"

"नाचले मी."

"हात पुढे करा बघू." हात लटपटत होते. "सकाळी काय घेतलंत?"

"काही नाही. चहा."

"कसला चहा?" युलाली म्हणाली. "बुधवारपासून कुंपण उकळून पितेय ही! वर गोळ्या."

"किती गोळ्या?"

इसिल्डा उत्तर देणार होती. पण नर्सच्या जागी तिला दोन नर्सा दिसायला लागल्या आणि कुठल्या नर्सला उत्तर द्यावं ते कळेना. तिचे गुडघे वाकले. नर्सने तिला धरलं, युलालीनेही धरलं, आणि त्या गडबडीत फोन गवतात पडला.

"काहीतरी गोड आणा! लवकर!" नर्स ओरडली.

पण तो आरोग्य मेळा होता. शेजारच्या तंबूत बिनसाखरेचं लिंबूपाणी होतं, त्याच्या पलीकडे उकडलेली हिरवी केळी, त्याच्या पलीकडे पाला. शेवाळवाला अभिमानाने म्हणाला, "माझ्याकडे साखरेचा कण नाही."

गवतातून आवाज येत होता, "मम्मी! मला नुसतं आकाश दिसतंय! कुणीतरी बोला! मम्मी!"

युलालीने छत्रीची पिशवी उपडी केली. ड्रॉप टेबलभर घरंगळले. एक तिने इसिल्डाच्या तोंडात कोंबला. "चाव. चाखायचा नाही, चाव!"

इसिल्डाने चावला. मग दुसरा. थोड्या वेळाने पुन्हा एकच नर्स दिसू लागली. इसिल्डाने तिसऱ्याकडे हात नेला, तेव्हा नर्स म्हणाली, "आता पुरे." तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

फोन उचलला तेव्हा नोव्हलेट रडत होती आणि रडता रडता ओरडत होती. "वर गेली असती तर गोळी बदलली असती, मम्मी! ही खाली गेली, आणि तू घरात एकटी असतीस तर? कुणाला कळलं असतं? माझ्याकडे रोज येतात अशी माणसं, दोन दिवसांनी सापडलेली! मी आजच तिकीट काढते."

"सात म्हणाली होतीस," इसिल्डा पुटपुटली. "खाली किती, ते कुठे सांगितलंस?"

"मम्मी!"

"मी आले तर घर बंद होईल, नोव्हलेट. बंद घराला वाळवी लागते. मग उद्या तुला यावंसं वाटलं तर कुठे येशील?"

"मी कशाला..." नोव्हलेट म्हणाली आणि थांबली. तिने झग्याच्या बाहीने नाक पुसलं. लहानपणीही ती असंच पुसायची आणि मार खायची. "ती चादर अजून बदलतेस का तू?" तिने विचारलं.

"आज राहिली. या मेळ्यामुळे."

युलालीला राहवेना. तिने फोन आपल्या तोंडासमोर ओढला. "नोव्हलेट, तिकीट नको काढूस. ही एकटी राहणार नाही. मी जाते हिच्याकडे राहायला."

"मिस युलाली, तुम्ही? वादळात छप्पर उडालं तरी तुम्ही घर सोडलं नव्हतं!"

"छप्पर उडालं होतं. मैत्रीण नव्हती उडाली."

"मला कुणी विचारलं का?" इसिल्डा म्हणाली. "ही घोरते. माझ्या घरात मला ऐकू येतं."

"तू गप्प बस, पालेवाली."

मग नोव्हलेटने अटी घातल्या. सोमवारी दवाखान्यात जायचं. रोज सकाळी मिस युलालीसमोर साखर तपासायची. आणि कुठलाही पाला उकळायचा नाही. "नाताळपर्यंत बघते," ती म्हणाली. "नाताळात मी स्वतः येऊन बघते."

नाताळात येते म्हटल्यावर इसिल्डाने आणखी चार अटी कबूल केल्या असत्या.

निघताना नर्सने युलालीचा दंड धरला. "मिस युलाली, तुमचाही रक्तदाब बघते."

"मला वेळ नाही. मी धडधाकट आहे."

"बस," इसिल्डा म्हणाली. "मी बसले. आता तू बस."

युलाली बसली. पट्टा फुगला. नर्सचा चेहरा पाहून इसिल्डाला इतका आनंद झाला की नंतर तिची तिलाच लाज वाटली. सोमवारी दवाखान्यात दोघींनी यायचं ठरलं.

तिन्हीसांजेला युलाली दारात उभी राहिली. काखेत उशी, हातात कपड्यांची टोपली, डोक्यावर टोपाऐवजी फडकं. आत येताच तिने रात्रीचं दव बाधतं म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. इसिल्डाने मागोमाग जाऊन एकेक उघडली. मग युलालीने उशी बाहेरच्या खोलीतल्या कोचावर टाकली.

"इथे झोपते मी. उजाडलं की तुझं बोट टोचते."

कोच आखूड होता आणि युलाली लांब. तिचे पाय बाहेर लोंबकळले. इसिल्डा थोडा वेळ बघत राहिली. मग कपाटातून धुतलेली चादर काढून ती मधल्या खोलीत गेली. जुनी चादर काढली, नवी घातली, कोपरे खोचले.

"उठ," ती बाहेर येऊन म्हणाली. "आत झोप."

युलाली उठून बसली. "ती खोली नोव्हलेटची आहे."

"आहेच. ती आली की तू उठायचंस."

"उठेन की. तुझ्या पलंगावर झोपेन."

"आणि मी?"

युलालीने उशी काखेत मारली आणि मधल्या खोलीकडे निघाली. "तू आखूड आहेस. तुला कोच पुरेल."