माहेरी नेलेला फिल्टर

त्या आठवड्यात माझ्या माहेरी माणसं सहा होती आणि संडास एक.

माहेर खडवलीजवळच्या गावात. मी राहते शहरात, कोपरला, त्यामुळे स्वच्छतेतलं मला सगळं कळतं (असं मला वाटायचं!). आमच्याकडे पाण्याचं नवीन मशीन लागलं, म्हणून माळ्यावर धूळ खात पडलेला जुना स्टीलचा फिल्टर मी माहेरी नेला. वहिनी विहिरीचं पाणी उकळत होती.

"बंद कर तो गॅस! आता फिल्टर आलाय."

"ताई, आधी घासून घेऊ का?"

"अगं, फिल्टरला काय घासतेस? तो पाणी साफ करतो!"

(हे मी मोठ्या आवाजात म्हटलेलं. सगळ्यांनी ऐकलेलं.)

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा संडासात गेले. मागोमाग दादा दारावर थापा मारायला लागला.

"आप्पा, दोन मिनिटांत येताय ना?"

"दोन मिनिटं थांबता येत असेल, तर तुला काही झालेलं नाही!" आतून उत्तर आलं.

दादाच्या मागे वहिनी. मी रांगेला उपदेश करत होते, "हात कसे धुवायचे, आधी साबण..." आणि वाक्य तिथेच टाकून पळाले!

दुपारी दादाची पाच वर्षांची चिमी मलूल होऊन पडली. डोळे खोल गेलेले. घरातलं हसणंच थांबलं. मी ओढणी कमरेला बांधली, गावाच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंना फोन केला.

"पाणी उकळून गार करा, ओआरएस कालवा, चमचा-चमचा पाजत राहा. मी लांबच्या पाड्यावर आहे, पण निघालेच," त्या म्हणाल्या.

आळीपाळीने पाजलं. पोटात कळ आली की चमचा दुसऱ्याच्या हातात! संध्याकाळी चिमीने एकदाची शू केली आणि आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

आता गुन्हेगार शोधायचाच! मी चटणी फेकली, भांडी परत घासली, शेजारच्या कोंबड्यांवर संशय घेतला. शेवटी घरात भाकऱ्या थापणाऱ्या आमच्या आत्याची नखं तपासायला गेले.

"माझी नखं काय बघतेस गं? मी एकटीच धड आहे घरात!"

खरंच की! "आत्या, तू वेगळं काय खातेस?"

"खात नाही, पिते. तुझ्या त्या डब्याला वास मारतो. मी आपलं उकळून पिते."

वहिनीने फिल्टर उघडला. आतल्या कॅन्डलला तडा, त्यावर काळपट, बुळबुळीत थर. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तेवढ्यात आशाताई आल्या. चिमीला तपासलं, वही उघडली. नावं लिहिली, दिवस लिहिला.

"कारण काय लिहू?"

मी घसा खाकरला. पण आत्या आधीच बोलून गेली,

"लिहा, माहेरवाशीण!"