दीडशे रुपयांचं पॉलिश

गाड्या धुण्याचा आमचा भाव सिल्वासाच्या डोकमर्डीतल्या एका बंगल्याच्या स्वयंपाकघराच्या दारात ठरला, आणि तो ठरवला मी. ज्यांच्या हातांनी त्या गाड्या धुतल्या जायच्या ते आमचे हे तेव्हा घरी बसून बादलीला नवी कडी लावत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती, हे मला आता लपवायचं नाही. लपवायचं ते एकदा लपवून झालं आहे.

आम्ही साक्रीकडचे. लग्नाआधीपासून हे धुळ्याला एका गॅरेजात गाड्यांना रंग मारायचे. रंग मारणं कोणालाही जमतं, पण मारलेल्या रंगाला चमक आणणं हे हाताचं काम, असं ते म्हणायचे. गॅरेज बंद पडलं, तेव्हा गावातल्या चौघांच्या मागोमाग आम्हीही सिल्वासाला आलो. मसाटला धाग्याच्या कंपनीत हे मशीनवर लागले. कंत्राटावरच्या माणसांना कंपनी मध्येच 'ब्रेक' द्यायची. म्हणजे दोन-तीन महिने घरी बसवायचं आणि मग नव्याने घ्यायचं, कोणाला कायम करावं लागू नये म्हणून. नव्वदीच्या सुरुवातीच्या अशाच एका ब्रेकमध्ये ह्यांनी सायकलच्या कॅरिअरला दोन बादल्या बांधल्या.

मी तेव्हा डोकमर्डीत तीन घरची भांडी घासायचे. मुंबई-पुण्याहून आलेली साहेब मंडळी, कारखान्यांतले मॅनेजर नाहीतर इंजिनिअर. संध्याकाळी त्यांच्या गाड्या मसाटहून परत यायच्या त्या मूळचा रंग कोणता हे विचारावं लागेल अशा. गिऱ्हाइकं मीच मिळवली, ओट्याशी उभी राहून, घरातल्या बाईंशी बोलून. साहेबांशी हे कधी भावाचं बोललेच नाहीत. साहेब कामावर, हे सायकलवर, आणि व्यवहार आम्हा दोन बायकांचा.

भाव करायची वेळ आली तेव्हा मला भांड्यांचंच गणित येत होतं. भांड्यांचे पैसे घरात माणसं किती त्यावर ठरत. म्हणून गाडीचे पैसे मी गाडी केवढी त्यावर ठरवले. अँबेसेडरला महिना पन्नास, फियाटला चाळीस, मारुतीला तीस. हे खूप हसले. मारुतीत माणसं कमी मावतात म्हणून तिच्यावर धूळही कमी बसते का, असं विचारू लागले. तुम्हाला व्यवहारातलं काही कळत नाही, असं म्हणून मी त्यांना गप्प केलं. व्यवहार मला फार कळतो असा माझा समज होता. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी मी भाजीवालीला रडकुंडीला आणायचे ना!

धुण्याचं बरं चाललं, पण ह्यांचा जीव धुण्यात नव्हता. त्यांना रबिंग आणि पॉलिश करायचं होतं. आधी पेस्ट लावून रंगावरचा मेलेला थर घासून काढायचा, मग मेण लावून मऊ फडक्याने तासन्‌तास हात फिरवायचा. सामान ते ज्या दुकानातून आणायचे तिथल्या गुजराती शेठने त्यांना सांगितलं होतं की वापीला एका गाडीचे दीडशे घेतात. "भाव बोलवामां शरम शेनी?" असंही तो म्हणाला होता. भाव सांगण्यात लाज कसली? ते वाक्य ह्यांनी घरी येऊन मला दोनदा ऐकवलं. महिन्याला चार-पाच गाड्या दीडशेने मिळाल्या, तर ब्रेक संपल्यावर कंपनीत परत जायचं नाही, असं आमचं ठरलं. वापी रस्त्याला एक पत्र्याची शेड आणि पाण्याचा नळ, एवढीच त्यांची उडी होती. पण त्या शेडबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. मशीनबद्दल बोलताना तो आवाज मी कधी ऐकला नाही.

पहिली गाडी माझ्या तीन घरांपैकी पुण्याच्या वहिनींची मिळणार होती. निळी फियाट. साहेबांना ती चकचकीत करून हवी होती आणि वहिनींनी मला विचारलं होतं, "तुझा नवरा पॉलिश करतो म्हणे. किती घेतो, विचारून ये."

दुसऱ्या दिवशी मी रस्ताभर दीडशे, दीडशे असं पुटपुटत गेले. पोचले, भांडी घासली, ओटा पुसला. वहिनींनी खिडकीत ठेवलेला माझा कप काढला आणि चहा ओतला. माझा कप वेगळा असायचा, ते खरं आहे. पण मला टायफॉइड झाला तेव्हा ह्याच वहिनींनी महिनाभर माझं काम दुसरीला दिलं नव्हतं, स्वतः भांडी घासली होती, हेही खरं आहे. मला महिन्याला भांड्यांचे साठ देणाऱ्या त्या बाईसमोर एका गाडीचे दीडशे म्हणायला जीभ उचलेना. वाटलं, बाई म्हणतील, हिला फार झालंय. वाटलं, गाडीही जाईल आणि भांडीही जातील.

"किती म्हणाला गं?"

"साठ द्या, वहिनी."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "एवढेच?"

तो प्रश्न मला टोमण्यासारखा लागला. मी म्हटलं, "जास्त वाटत असतील तर पन्नास द्या."

त्या आत गेल्या आणि साहेबांचा एक शर्ट घेऊन आल्या. आकाशी रंगाचा, कॉलर जराशी विरलेली, बाकी कोरा म्हणावा असा. "साठ, आणि वर हा ठेव. त्याला होईल." मी शर्ट पिशवीत घातला. मला वाटलं, मी जिंकले.

घरी हे दारातच उभे होते.

"सांगं का दीडशे?"

"हाव, सांगं."

"मंग?"

"साठना वर नही देतस, म्हने."

खोटं बोलायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे बघून मला सांगवेना की मी आकडा उच्चारलाच नाही. वहिनींच्या नावावर ढकललं की मी सुटत होते. हे इतकंच म्हणाले, "दीडशे आयकीसन साठ?" माझ्यावर त्यांनी शंकासुद्धा घेतली नाही. मी घाईघाईने पिशवीतला शर्ट काढून दाखवला.

रविवारी सकाळी हे तोच शर्ट घालून गेले, कारण मीच आग्रह केला. मीही त्या दिवशी वहिनींकडे जास्तीच्या कामाला होते, पाहुणे येणार होते म्हणून. खिडकीतून मला बदामाच्या झाडाखाली गाडी दिसत होती. माझ्या नवऱ्याला काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एरवी घरात डबा सापडत नाही म्हणून ओरडणारा माणूस, पण तिथे हात असा फिरत होता की त्याला घाईही नव्हती आणि थांबणंही नव्हतं. मध्येच खाली वाकून तिरक्या नजरेने बघायचे, परत तेवढीच जागा घ्यायचे. अकराच्या सुमाराला निळ्या बॉनेटमध्ये झाडाची पानं मोजता येतील इतकी स्वच्छ दिसू लागली. साठ रुपयांच्या कामाला एवढं कोणी करत नाही. ते दीडशेचं काम करत होते.

साहेब पाहुण्यांना घेऊन बाहेर आले. गाडी बघून खूश झाले, आणि मग त्यांचं लक्ष ह्यांच्याकडे गेलं. "अरे, हा तर माझा शर्ट! बघ, तुला माझ्यापेक्षा छान बसलाय." पाहुणे हसले. साहेबांच्या मनात काही नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगेन. ते मोकळ्या स्वभावाचे होते. हेही कसनुसे हसले. साहेब आत गेल्यावर ह्यांनी शर्ट काढला, घडी घातली, कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि उरलेली अर्धी गाडी बनियनवर पुरी केली. एक इंचही कमी घासली नाही.

घरी आल्यावर त्यांनी पॉलिशचा डबा फळीवर ठेवला. मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर मी बोलून गेले असते, राग आला की माझ्या तोंडून सगळं निघतं. पण ते शांतपणे जेवले. दुसऱ्या दोन घरांतून पॉलिशची विचारणा आली, वहिनींच्या गाडीकडे बघूनच आली, आणि दोन्ही घरांना वहिनींचा भाव माहीत होता. साठ. एकदा तोंडातून गेलेला आकडा डोकमर्डीत माझ्या आधी पोचत होता. ह्यांनी नाही म्हणून सांगितलं. ब्रेक संपला, हे मसाटला परत गेले, शेडचं नाव पुन्हा काढलं नाही.

बोलणाऱ्याची अंबाडी खपते, न बोलणाऱ्याचे गहू खपत नाहीत, असं माझी आई म्हणायची. मी तर दुसऱ्याच्या गव्हाचा भाव करायला गेले होते. तो पाडायचा अधिकार मला कोणी दिला, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

तीनेक वर्षांनी साहेबांची पुण्याला बदली झाली. फियाट विकायची ठरली. वहिनी म्हणाल्या, "जाता जाता एकदा पॉलिश करून दे म्हणावं. तेव्हा केलं होतं तसं पुन्हा कोणी केलं नाही."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, "दीडशे होतील, वहिनी."

"बरं."

बस, एवढंच. कपाळाला आठी नाही, काही नाही. ज्या एका आकड्यापायी तेव्हा मी रस्ताभर पुटपुटत आले होते, त्याला एका अक्षराइतकाही वेळ लागला नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, "तेव्हाही दीडशेच सांगायचे होते. मला धीर झाला नाही."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "वेडे! मग सांगायचंस की. साहेब मला म्हणाले होते, दोनशेपर्यंत मागेल, देऊन टाक. तू साठ म्हणालीस तेव्हा मलाच लाज वाटली. म्हणून तो शर्ट दिला."

त्या दिवशी मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. हे शिफ्टहून येऊन हातपाय धूत होते. धाग्याने बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यांना पाणी झोंबायचं. मी सांगितलं, वहिनी पॉलिशला बोलावताहेत, दीडशे देताहेत.

ते हसले. "आते देतस? गाडी इकाले काढी म्हनीसन." गाडी विकायची आहे, चार पैसे जास्त येतील, म्हणून आत्ता हात सैल सुटला, असं त्यांचं म्हणणं. नको सांग, म्हणाले. आणि टॉवेलने एकेक बोट टिपत म्हणाले, "आठेना लोकेसले हातनी पारख नही."

इथल्या लोकांना हाताची पारख नाही. मी समोर उभी होते. पारख होती, दोनशे रुपयांची होती, मीच ती तुमच्यापर्यंत येऊ दिली नाही, एवढंच म्हणायचं होतं. एवढं ऐकून ते माझ्यावर ओरडले असते, कदाचित महिनाभर बोलले नसते, पण आपला हात दोनशेचा होता हे त्यांना कळलं असतं.

मी म्हटलं, "हाव."

पुढे कंपनीने त्यांना कायम केलं. तिथूनच ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले. शेवटपर्यंत रस्त्यात एखादी चकचकीत गाडी दिसली की थांबून तिरक्या नजरेने बघायचे, आणि मग त्या फियाटवाल्या साहेबाला एक शिवी हासडायचे. ती शिवी खरं तर माझी होती.