उंटाला पाणी लागत नाही

आमच्या घरात एक नियम आहे. पाण्याला नाही म्हणायचं नाही. भांडण असो, सुतक असो, दारात दुष्मन येऊन उभा राहो, आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा, मग काय ते बोलायचं. माझे सासरे, ज्यांना घरचे आणि गावचे सगळेच बाबूजी म्हणतात, हा नियम येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला आमचं बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानासमोर आमची पाणपोई. ती बाबूजींच्या आजोबांनी सुरू केली. दर पाडव्याला रांजण मांडायचे, त्यांना लाल ओलं फडकं गुंडाळायचं, लांब दांड्याचं ओगराळं टांगायचं. ज्या गावात नळाची वाट बघण्यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं, तिथे हे काही लहान काम नाही. मी आष्टीहून सून होऊन आले तेव्हा या पाणपोईचा मला मनापासून अभिमान वाटला होता. म्हणूनच गेल्या मे महिन्यातला माझा राग अजून उतरलेला नाही. तो उतरावा असं मला वाटतही नाही.

सुट्ट्या लागल्या होत्या आणि चौथीतून पाचवीत गेलेली माझी मुलगी घरात नुसती धुडगूस घालत होती. गावाबाहेरच्या माळावर कुणीतरी नवीन प्राणी उद्यान काढलं होतं. ससे हातात घ्या, बदकांना खाऊ घाला, मुलांसाठी उन्हाळी शिबिर, मोठ्यांसाठी रेन डान्स. मालक आमच्याच दुकानातून बियाणं नेणारा, त्यामुळे बाबूजींना आग्रहाचं बोलावणं होतं. एका रविवारी आम्ही सगळे गाडीत कोंबून निघालो. मी, नवरा, मुलगी आणि पुढच्या सीटवर बाबूजी.

फाटकातून आत शिरल्याबरोबर माझं डोकं फिरायला लागलं. पत्र्याचं छत, वर मे महिन्याचं ऊन, आणि त्याखाली सशांची पोरं या हातातून त्या हातात फिरत होती. जाळीपलीकडे एक इमू उभा होता आणि पाटीवर लिहिलं होतं 'शहामृग'. मी मालकाला म्हटलं, "अहो, हा इमू आहे." तो हसला. "वहिनी, इमू म्हणल्यावर लोक थांबत न्हाईत. शहामृग म्हणलं की फोटो काढतात." मला त्याचा प्रामाणिकपणा आवडायला हवा होता. पण आवडला नाही.

सगळ्यात शेवटी उंट होता. बाबूजी इतका वेळ कंटाळून चालले होते, पण उंट दिसला तसा त्यांच्या अंगात उत्साह संचारला. आमच्यासारख्या घरांत राजस्थानला 'देस' म्हणतात. त्या देसातून आमची माणसं येऊन चार पिढ्या झाल्या. बाबूजी स्वतः तिथे गेले ते नातवंडांच्या जावळांना, एसीच्या डब्यातून, आणि वाळू त्यांनी पाहिली ती खिडकीतून. तरी ते मुलीला म्हणाले, "हा बघ, आपल्या देसचा पाहुणा."

पाहुण्याची अवस्था मी बघत होते. पोटाच्या दोन्ही बाजू खपाटीला गेल्या होत्या. ओठांवर वाळलेल्या फेसाची पापडी होती. पुढ्यात ज्वारीचा सुका कडबा आणि शेजारी सिमेंटचा हौद, ज्यात वेफर्सची रिकामी पाकिटं आणि धूळ. पाण्याचा थेंब नाही. त्याच्या मागे पत्र्याचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे रेन डान्स चालू होता. दणदणीत गाणी, वरून फवारे, खाली ओले चिंब कुटुंबवत्सल लोक. त्यातले शिंतोडे पत्र्यावर उडत होते आणि तो उंट मान लांब करून पत्रा चाटत होता. तापलेला पत्रा. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चाटत जायचा आणि परत फिरायचा.

"बघ बघ, उंटपण गाण्यावर मान हलवतोय!" कुणीतरी म्हणालं आणि पाच-सहा मोबाइल वर झाले.

मी मालकाला गाठलं. "याला पाणी का नाही?"

"उंटाला पाणी लागत न्हाई, वहिनी." तो अगदी समजुतीने बोलला. "तुम्ही तर राजस्थानचे लोक. तुम्हाला म्या काय सांगू?"

"मी आष्टीची आहे."

"बराबर. पण मूळ तर तिकडचंच ना?" आणि त्याने बाबूजींकडे पाहिलं.

बाबूजींनी मान डोलावली. "बिलकुल. आपला उंट महिना-महिना बिनपाण्याचा चालतो. पाणी पाठीवरच्या मदारीत भरलेलं असतं." मदारीत चरबी असते, पाणी नसतं, हे मी म्हणाले, पण उंटावरचा शहाणा म्हणतात तो माझ्या घरातच निघाल्यावर माझं कोण ऐकणार? त्यात माझी मुलगी. "आई, मी परीक्षेत हेच लिहिलं होतं. बाईंनी बरोबरची खूण केली होती." नवरा म्हणाला, जाऊ दे ना, आपण फिरायला आलोय.

ज्या माणसाने उभ्या हयातीत वाटसरूला तहानलेलं जाऊ दिलं नाही, तो त्या हौदासमोर उभा राहून उंटाच्या कुळाचं कौतुक करत होता. त्याला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण त्याला उंट आधीपासून ठाऊक होता, म्हणून हा उंट बघायची गरजच नव्हती. मला त्या क्षणी बाबूजींचा भयंकर राग आला.

कुंपणाच्या कडेने टँकरचा जाडजूड पाइप रेन डान्सच्या टाकीत सोडलेला होता आणि पाणी धो-धो पडत होतं. मी ओढणी कमरेला खोचली, पाइप टाकीतून ओढून काढला आणि फरफटत उंटाच्या हौदावर आणून टाकला. पाकिटं वर तरंगली, ती हाताने काढून फेकली. मागून मालक ओरडत होता, "वहिनी, अहो वहिनी, काय करून राह्यल्या?" मी ऐकलं नाही.

उंटाने मान खाली घातली ती वर काढलीच नाही. पाणी त्याच्या गळ्यातून वर चढताना दिसत होतं, एकामागून एक घोट, रहाटाला लागल्यासारखे. हौद भरायचा आणि उतरायचा. तिकडे टाकी संपली, फवारे थांबले, गाणं तेवढं बोंबलत राहिलं. ओले लोक तणतणत कुंपणाशी आले, "पाणी कुणी तोडलं?" आणि समोरचं दृश्य बघत तिथेच उभे राहिले. मग मुलं पुढे घुसली. मग मोबाइल निघाले. बघता बघता अर्धं उद्यान तिथे गोळा झालं. माझी मुलगी हळूच माझ्या बोटाला धरून म्हणाली, "आई, मग बाईंनी खूण का केली?"

मालक एव्हाना ओरडायचा थांबला होता. तो गर्दीकडे बघत होता. मला वाटलं, ओशाळला. मी इतकी भोळी आहे हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

आठवडाभरातच मुलीच्या मैत्रिणीच्या आईने मोबाइलवर जाहिरात पाठवली. माझाच उंट, हौदात तोंड घातलेला. खाली मोठी अक्षरं: 'वाळवंटाचं जहाज पाणी पिताना पाहा! रोज सायंकाळी पाच वाजता.' मी खूश झाले, खोटं कशाला बोलू? दिखाव्यासाठी का होईना, रोज पाणी तर मिळतंय. नवरा म्हणाला, "बघ, तुझ्यामुळे." मी दोन दिवस मिरवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी म्हणाली, गर्दी नसताना उंट बघू. आम्ही रिक्षाने गेलो. हौदाला नवा निळा रंग दिला होता. त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. हौद कोरडा ठणठणीत होता आणि उंट आता आखूड दोरीने खांबाला बांधला होता, पत्र्यापर्यंतही पोचणार नाही असा. मुलीने आपली पाण्याची बाटली उघडली आणि पुढे झाली.

मालक धावत आला. "आत्ता नको, बेटा, आत्ता नको!" मग माझ्याकडे वळला, हात जोडून, अगदी आर्जवाने. "वहिनी, सकाळी पाजलं तर संध्याकाळी पीत न्हाई हो. एका दिवशी कुणीतरी बादली पाजून गेल्तं, समदा शो बसला. लोक लांबून-लांबून येऊन राह्यले. हसनाबादहून जीप भरून आल्ती काल."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आष्टीच्या बाजारात वाढलेल्या बाईला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. तो ऐकून घेत राहिला, मान खाली घालून, आणि मी थांबल्यावर म्हणाला, "पण पाणी तर देऊन राह्यलो ना? आधी तेपण न्हवतं." मी मुलीचा हात धरला आणि फाटकाबाहेर पडले.

घरी येऊन मी बाबूजींना सगळं सांगितलं. तहान वाढवून ठेवतात, शोसाठी, हे शब्द दोनदा म्हटले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी बोलतो त्याच्याशी," म्हणाले. मला हायसं वाटलं. त्यांचा शब्द बाजारात कुणी खाली पडू देत नाही.

ते बोलले खरे. दुसऱ्या दिवशी मालक शाल आणि नारळ घेऊन दुकानात आला. बाबूजींच्या पाया पडला. म्हणाला, नवा नळ बसवलाय, त्याचं उद्घाटन तुमच्या हातून व्हावं, जालन्यात पाण्याचं पुण्य तुमच्याइतकं कुणाचं? आणि बाबूजी गेले. शुभ्र धोतर नेसून, कपाळाला गंध लावून, पाच वाजताच्या शोला, पहिल्या रांगेत. मी गेले नाही.

ते परत आले तेव्हा दिवस मावळत होता पण झळा तशाच होत्या. गळ्यात हार, खांद्यावर शाल, चेहरा लालबुंद. सोफ्यावर बसता बसता सांगायला लागले. नळ सोडला तसा उंटाने दोर कसा ताणला, दोघांना आवरेना, लोकांनी टाळ्या कशा वाजवल्या. "एवढी तहान मी कधी बघितली नव्हती," ते म्हणाले, आणि ते कौतुकानं म्हणाले. मग घशाला हात लावला. "पाणी दे, बेटा. घसा सुकलाय."

मी माठातून ग्लास भरला. त्यांच्यासमोर आले. त्यांनी हात पुढे केला. मी ग्लास दिला नाही.

"पाच वाजता," मी म्हटलं.

"काय?"

"उद्या पाच वाजता देते, बाबूजी. शेजाऱ्यांना बोलावू, खुर्च्या मांडू. तुम्ही प्यायला लागलात की टाळ्या वाजवतील."

नवरा खुर्चीतून उठला. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" बाबूजींनी त्याला हातानेच थांबवलं. त्यांचा दुसरा हात अजून पुढेच होता. त्या घरात, त्या चार पिढ्यांत, पाण्याला नाही कुणी म्हटलं नसेल, आणि म्हणणारी मी, बाहेरून आलेली. ग्लास मी घट्ट धरला होता. त्यांनी हात मागे घेतला, गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला आणि खोलीत निघून गेले. मुलीने माझ्या हातातून ग्लास काढून घेतला आणि त्यांच्यामागे गेली. तो ग्लास तसाच भरलेला परत आला.

रात्री नवरा पाठ फिरवून झोपला. मला त्याचं काही वाटलं नाही.

सकाळी दुकान उघडायला गेलेल्या माणसाचा फोन आला की पाणपोईवरचा एक रांजण दिसत नाही, चोरीला गेला की काय. मी पाहिलं तर बाबूजींची खोली रिकामी होती आणि दारातली गाडीही नव्हती. थोड्या वेळाने मालकाचा फोन. "वहिनी, बाबूजींना जरा समजवा ना. रांजण घेऊन बसून राह्यलेत उंटापाशी. म्या त्यांना कसं उठवू? म्हणतात, रोज येणार. मंग माझ्या शोचं काय?"

"पाण्याला नाही म्हणायचं नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या दिवशी संध्याकाळी मी आणि मुलगी तिकीट काढून शोला गेलो. खुर्च्या भरलेल्या होत्या. ओलं लाल फडकं गुंडाळलेला रांजण खांबाशी होता आणि त्याच्या शेजारी बाबूजी, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं. आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. कर्ण्यावरून वाळवंटाच्या जहाजाची घोषणा झाली. मोबाइल वर झाले. नळ सुटला, हौद भरला, दोर सैल झाला.

उंटाने पाण्याकडे एकदा पाहिलं आणि कडब्यात तोंड घातलं.