मोंबासाच्या वाटेवरचा खटला

माझा नवरा आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेच्या कामावर होता. तिकडून परतलेल्या एकानं घरी येऊन सांगितलं, कंबर मोडून पडलाय, तुला बोलवतोय. बोटीच्या भाड्यासाठी दीर मेंढ्या विकायला तयार झाला, पण पासपोर्ट पाहिजे होता. कलेक्टर कचेरीतल्या कारकुनानं पोलिसांचा कागद बघितला आणि माझा अर्ज बाजूला सारला.

"तुमच्यावर खटला चालू आहे, बाई. तो संपल्याशिवाय पासपोर्ट नाही."

खटला कसला, तर सरकारी कुरणाचा. आमची मेंढरं आत शिरली, राखणदार ती कोंडवाड्याकडं हाकायला लागला आणि माझ्या धाकट्या जावेनं त्याला ढकललं. पडला तो आपटून. पोलीस आले तेव्हा तिच्या अंगावर पितं लेकरू होतं. आमच्यात थोरलीनं पुढं व्हायचं असतं, तशी मी झाले. "म्या ढकललं," म्हणाले. तेव्हा मोंबासा कुणाच्या ध्यानात होतं?

मग नुसत्या तारखा. आमची वस्ती सोलापूरपासून लांब. पहाटे चालत निघायचं, कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली बसायचं आणि राखणदार साक्षीला आला नाही म्हणून पुढची तारीख घेऊन परतायचं. नवी पेठेतला आमचा वकील म्हणायचा, दम धरा. कसला दम धरू? तिकडं माझा माणूस अंथरुणाला खिळलेला, त्याची कूस बदलायला कोण होतं? जाऊ तर माझ्याकडं बघायचीच नाही.

शेवटी एका तारखेला वकील यायच्या आधीच माझा पुकारा झाला. मी हात जोडले. "गुन्हा कबूल हाय, सायेब. काय दंड आसंल त्यो घ्या, पर आजच मिटवा." आमच्या पंचांपुढं असंच असतं. चुकलं म्हणायचं, दंड द्यायचा, पंच हातावर गूळ ठेवतात. त्यानंतर त्या गोष्टीचं नाव कुणी काढायचं नाही, काढलं तर त्यालाच दंड. साहेबानं दंड केला, दिरानं भरला, आणि मी तशीच पळत कलेक्टर कचेरी गाठली.

कारकुनानं पावती वाचली. "आतापर्यंत नुसता आरोप होता. आता शिक्षा झाली, तीही सरकारी माणसावर हात टाकल्याची. कलेक्टर साहेब आता पासपोर्ट देणार नाहीत."

"दंड भरला की," मी म्हणाले. "आता कशाला नाव काढताय?"

वकील डोक्याला हात लावून बसला. राखणदाराची लांब कुठंतरी बदली झाली होती. अजून एखादी तारीख गेली असती तर साक्षीवाचून मी सुटले असते. "मला विचारायचं तरी," म्हणाला. असा संताप आला मला. विचारायला हा बाबा होता कुठं?

दुसऱ्या दिवशी जाऊ लेकरू काखेत मारून कचेरीत गेली. "ढकललं म्या, हिला जाऊ द्या," म्हणून दारात बसली. शिपायानं तिला उठवून बाहेर काढलं.

नवरा त्याच साली तिकडंच वारला. त्याला शेवटचं पाणी कुणी पाजलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.