सपाट जागेच्या शोधात

लिफ्टकाकांनी जन्मभर लोकांना जिने चढण्यापासून वाचवलं, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की आता जरा जिने चढत जा. हा अपमान काकांच्या जिव्हारी लागला. ज्या माणसाने अर्ध्या शहराच्या लिफ्टा दुरुस्त करून वर-खाली नाचवल्या, त्याने कठड्याला धरून धापा टाकत तिसरा मजला गाठायचा? पण थोरला भाऊ खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता, ते काकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून नुसतं बसून राहायची त्यांना धास्ती होती. म्हणून त्यांनी व्यायामाचा चंग बांधला. फक्त जिना सोडून.

घरगाडी आली ती त्याच सुमाराला. घरगाडी म्हणजे मोटारीच्या पाठीवर मांडलेला संसार: एक पलंग, एक ओटा, अंग चोरून शिरायची मोरी आणि एक मोठी खिडकी. त्या खिडकीसाठीच काकूंनी गाडीला होकार दिला होता. लग्नानंतर सगळी वर्षं दोघं एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या खड्ड्याला लागून असलेल्या खोल्यांत राहिली. काकू लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवून देत. मोठमोठ्या खिडक्या, त्यांची मापं, त्यांचे झालर लावलेले पडदे. स्वतःच्या खिडकीला मात्र त्यांनी कधी पडदा लावला नाही, कारण समोर शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाईप होते आणि ते काही आत डोकावणार नव्हते.

"आता रोज सकाळी नवी खिडकी," काकांनी शब्द दिला होता. "आज डोंगर, उद्या पाणी. तू नुसतं बोट दाखव."

काकूंनी नकाशावर एका तळ्यावर बोट ठेवलं. त्यांना एवढंच हवं होतं. एक दिवस जाग यावी, उशीवरूनच पाणी दिसावं, आणि नवरा शेजारी चहा पीत बसलेला असावा.

पण निघायच्या दिवशी गाडीत आधी चढला तो व्यायाम. घडी घालून पलंगाखाली सरकणारी ट्रेडमिल. दाराच्या चौकटीत अडकवायची लोखंडी दांडी, जिच्याखालून जाताना काकूंना प्रत्येक वेळी मान वाकवावी लागे. रबराचे पट्टे, लाल सोपा, निळा अवघड आणि काळा काकांनाही न ताणता येणारा. जोर काढायच्या मुठी, ज्यांना ताटल्यांचा कप्पा मिळाला आणि ताटल्या काकूंच्या पायांशी आल्या. आणि सगळ्यांत कौतुकाचे, ते पाणी भरायचे डंबेल. निघताना रिकामे करायचे, पोचल्यावर भरायचे, म्हणजे वाहून न्यायचं ओझं नाही. ते भरत गाडीच्या टाकीतून, आणि मग काकूंना चेहरा धुवायला पेलाभर पाणी उरे.

"अहो, त्यात वाळू भरता येत नाही का?" त्यांनी एकदा विचारलं.

"वाळूचा तोल नीट बसत नाही," काका म्हणाले, आणि विषय संपला.

तोल हा काकांचा वीक पॉइंट. लिफ्ट आणि मजला यांत बोटभर जरी फरक राहिला, तरी कोणाचा ना कोणाचा पाय अडकतोच, हे त्यांनी उमेदवारीत शिकलेलं, आणि त्यांच्या हाताखालच्या लिफ्टमध्ये कधी कोणी ठेचकाळलं नाही. ही फुशारकी नव्हे, खरीच गोष्ट. त्याबद्दल माणसाला मान द्यायला हवा. पण माणूस निवृत्त झाला तरी सपाटी मोजायची त्याची पाणसळ निवृत्त होत नाही. गाडी जराशी कलती असली, की ट्रेडमिलचा पट्टा एका बाजूला सरकून कडेला घासतो, असा काकांचा पहिल्याच मुक्कामाचा शोध. तेव्हापासून गाडी थांबली, की काका आधी पाणसळ घेऊन खाली उतरत, ती जमिनीवर ठेवत, गुडघ्यांवर बसून तिच्यातला बुडबुडा बघत, आणि उठून मान हलवत.

आता जगात ज्या जागा बघण्यासारख्या असतात, त्या सगळ्या उताराच्या असतात, याला काकांचा इलाज नव्हता. डोंगर चढा असतो. नदीचा काठ नदीकडे झुकलेला असतो. अगदी सपाट, डांबरी, पाणसळीला पसंत पडणारी जागा माणसाने बांधली आहे ती ट्रकांसाठी. त्यामुळे काकूंच्या मोठ्या खिडकीतून एकामागून एक जे दिसलं ते असं: पेट्रोल पंपाची मागची भिंत. गोदामाचं शटर. मंडईच्या आवारातले रिकामे खोके. पुन्हा एका पंपाची मागची भिंत, पण हिला नवा रंग दिलेला होता.

एकदा डोंगराच्या कुशीत एक जागा मिळाली होती. काकूंनी चहाचं आधणसुद्धा ठेवलं.

"अगं, ते उतरव," काका खालून म्हणाले. "निघायचंय. दोन बोटं उतार आहे."

"मग मी तिरकी बसेन."

"तू बसशील. पट्ट्याचं काय?"

काकूंनी आधण मोरीत ओतलं. पंचवीस मिनिटांनी गाडी डोंगर उतरून एका टायरवाल्याच्या अंगणात उभी राहिली आणि काका समाधानाने पट्ट्यावर चढले. त्यांच्यासमोर टायर रचलेले होते. व्यायाम चालू असताना कोणी बोललेलं त्यांना खपत नसे, श्वासाचा ठेका चुकतो म्हणत. तोंडाने 'हूं, हूं' करत, दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत, जागच्या जागी ते मैलोन्‌मैल चालत. टायरवाल्याने आपल्या माणसांना बोलावून ते दाखवलं. काकांना वाटलं, लोक प्रेरणा घेताहेत.

तळं जवळ आलं तशा काकू गप्प होत गेल्या. काकांनी ते ताडलं, पण त्यांचा अर्थ वेगळा. त्यांना वाटलं, ही आनंदाने गप्प आहे.

तळं खरंच सुंदर होतं. काठावर गवत, पलीकडे झाडी, आणि पाण्यावर ऊन. काकांनाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग ते पाणसळ घेऊन उतरले. बुडबुडा सरळ एका टोकाला जाऊन बसला. काकांनी चाकाखाली लाकडाचे ठोकळे घातले, काढले, पुन्हा घातले. गाडी मागे घेतली, आडवी केली, तिरकी केली. काठावरचे लोक बाजूला झाले. तळ्याला कोणत्याही बाजूने सपाट होण्याची इच्छा नव्हती.

"जमत नाही," काका घाम पुसत म्हणाले. "येताना त्या खोलगटात एक सिमेंटचं गोदाम दिसलं ना, तिथलं आवार फर्स्टक्लास आहे. तिथे थांबू. सकाळी येऊन बघून जाऊ तुझं तळं."

काकूंनी घडीची खुर्ची आणि कपड्यांची पिशवी उचलली, दारातल्या दांडीखालून मान वाकवली आणि खाली उतरल्या.

"तुम्ही जा. मी इथेच बसते," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "संध्याकाळची बस आहे, मी चौकशी केलीय. तोवर गाडी इथे आणून लावलीत, तर राहू. वाकडी लावा, तिरकी लावा, मी काही म्हणणार नाही. नाहीतर मी लेकीकडे जाते."

"अगं, पण आजचं चालणं व्हायचंय अजून."

"चाला की. मी कुठे अडवलंय?"

काका गोदामाकडे निघाले. बायको बसने वगैरे जात नसते, असं त्यांचं पक्कं मत होतं. इतक्या वर्षांत कधी गेली होती? तरी आवारात गाडी लावताना त्यांनी मनाशी ठरवलं, की चालणं उरकायचं आणि परत जायचं. हवं तर आज तिरकं झोपू. एवढा मनाचा मोठेपणा दाखवल्यावर त्यांना चालायला आणखी जोर आला, आणि ते जरा जास्तच चालले.

इथे त्यांची कारागिरी आडवी आली. घरगाडीत दोन बॅटऱ्या असतात, एक दिव्यापंख्याची आणि एक गाडी सुरू करण्याची, आणि त्या वेगळ्या ठेवण्यात गाडी बनवणाऱ्याची काही अक्कल असते. पण ट्रेडमिलला दिव्यापंख्याची बॅटरी पुरेना, म्हणून काकांनी मधल्या एका मुक्कामी स्वतःच्या हाताने वायर टाकून दोन्ही जोडून ठेवल्या होत्या. ते काम इतकं नेटकं होतं, की पट्ट्याने आज दोन्ही बॅटऱ्या सारख्याच, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकल्या. काकांनी किल्ली फिरवली. गाडीने नुसतं 'टक्‌' केलं. पुन्हा फिरवली. त्यानंतर तेही नाही.

आवारात चिटपाखरू नव्हतं. सुट्टीचा दिवस. खोलगटात फोनला रेंज नव्हती. काकांनी उन्हाकडे पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, की ही खरंच गेली तर?

ते चालू लागले.

रस्ता चढाचा होता. सुरुवातीला त्यांनी तोऱ्यात पावलं टाकली. या पायांनी किती मैल तुडवले होते, हे काय त्यांना माहीत नव्हतं? पण ते सगळे मैल सपाट होते. चढाची त्या पायांना ओळखच नव्हती. पहिल्या वळणावर पोटऱ्या भरून आल्या. दुसऱ्या वळणावर 'हूं, हूं' बंद पडलं. पट्टा पायाखालून आपणहून मागे जात असे, हा रस्ता ढिम्म हलत नव्हता, सगळं आपल्यालाच करावं लागत होतं. काका थांबत, चालत, कठड्याला धरत वर आले आणि माथ्यावर पोचून गुडघ्यांवर हात टेकून वाकले. नाकी नऊ आले होते. खिशातला फोन कुंईं करून जिवंत झाला, रेंज आली होती. त्यांनी खिशात हात घातला, आणि तेवढ्यात समोरून बस आली.

काकू खिडकीशी होत्या.

काकांनी हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. इतक्या महिन्यांच्या व्यायामाने कमावलेल्या छातीत बायकोला एक हाक मारण्याइतकाही श्वास शिल्लक नव्हता. मग त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि जीव खाऊन हलवले. काकूंनी पाहिलं. नक्की पाहिलं, नजरानजर झाली. त्यांनी खिडकीतून हात किंचित वर केला, आणि बस वळणावरून खाली गेली.

काका रस्त्याच्या कडेला गवतात बसले. खाली तळं दिसत होतं. ते त्यांना दिसलं नाही. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. मग त्यांनी फोन लावला.

"तू मला पाहिलंस ना?"

"पाहिलं की. मी हातही केला."

"मग बस का नाही थांबवलीस? मी तुला घ्यायलाच येत होतो. गाडी बंद पडलीय. चढ चढून आलो मी, तुझ्यासाठी!"

"मला काय माहीत," काकू म्हणाल्या. "तुम्ही वाकला होतात, मग हात वर करून हलवलेत. मला वाटलं व्यायाम चाललाय. व्यायामात मध्ये कोणी बोललेलं तुम्हाला खपत नाही ना."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. काकांनी कान देऊन ऐकलं, तो कुठेतरी असावा म्हणून, पण नव्हता. टोमणा असता, तर काकांना भांडता तरी आलं असतं.